मंडळाच्या जोत्यावर

अप्पा, आपल्या खोऱ्यातल्या वाड्यांच्या मंडळाची महाडातली इमारत आता नाही. पुराने भिंती खचल्या, मग पाडूनच टाकली. चवदार तळ्याकडून बाजारात येताना नुसतं जोतं दिसतं, त्यावर लोक स्कूटरी लावतात. आज सकाळी त्याच जोत्यावर मला खुर्ची दिली. नवं सभागृह बांधायचंय आणि त्याला तुमचं नाव द्यायचंय, तुम्ही इतकी वर्षं अध्यक्ष होतात म्हणून. दहा-बारा माणसं नारळ घेऊन उभी. "ताई, तुमी फक्त हो म्हना, लगेच फोडतो." आई नेमकी कुठे वाकली होती, ती जागा मी खुर्चीतून शोधत होते.

तुम्ही सख्ख्या बहिणीला वाळीत टाकलंत. का, तर वाटणीचा तंटा गावकीपुढे न आणता ती कोर्टात गेली. मंडळाच्या ठरावाला पहिला हात तुमचा. त्या पावसाळ्यात आत्या तापाने फणफणली होती आणि आपल्या कापडे गावातल्या घरामागे, कुंपणावरून आई तिला चोरून पेज देत होती. मी नऊ वर्षांची. जेवताना तुम्ही सहज विचारलंत, "आज काय काय झाला गो घरात?" आणि मी सांगून मोकळी झाले. तुमचा घास हातातच राहिला. मग तुम्हीच ते मंडळापुढे नेलंत. बायकांना मंडळाच्या सभागृहाचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. आईने तो पहिल्यांदा ओलांडला तो माफी मागायला. मी दाराशी उभी आहे. तिचं कपाळ फरशीला टेकलंय. कुणीतरी विचारतं, "अध्यक्ष, तुमाला ह्या सांगितलान कुनी?" तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. म्हणता, "कुनी नाय. मीच बगितला, माज्या डोल्यांनी."

त्या एका खोट्याने तुम्ही मला जन्माची बांधून ठेवलीत. तुमचा मनापासून राग करायला बसावं, तर तेच आडवं येतं. आत्या त्याच वर्षी गेली. खांदा द्यायला गावातलं कुणी आलं नाही, तुम्हीही नाही. त्याची मला अजून लाज वाटते, अप्पा. आई तुम्हाला शेवटपर्यंत वाढत राहिली, पण बोलली ती कामापुरतं.

"मग ताई, काय ठरला?" म्हाताऱ्या चिटणिसांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

"अवो, उभा जन्म घालवलान त्यांनी मंडलापायी! नाय का म्हनता, कारन तरी सांगा."

सगळं सांगायचंच ठरवून गेले होते. येताना एसटीत वाक्यंसुद्धा जुळवली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी म्हणाले, "त्यांना असलं मिरवणं आवडायचं नाही."

नारळ परत पिशवीत गेला. घरी आल्यावर आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काय काय झाला गो तिकडं?" मी म्हटलं, काही नाही. त्या दिवशी तुम्हाला मी सांगितलं, हे तिला आजही माहीत नाही. तिला वाचता येतं, अप्पा, म्हणून हा कागद आता चुलीत घालते.