क्लब पासिंगचा वस्ताद

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलं की लिहून ठेवावं. नंतर लोक श्रेय लाटतात.

झालं असं. जानेवारीत तालमीचा वर्धापनदिन. मर्दानी खेळ आजवर आमच्या बॅचचा. लाठी, पट्टा, फरीगदगा, सगळं. यंदा अध्यक्षांनी तो पोरांना दिला आणि मला म्हणाले, विजयसिंह, तुमी आता स्टेजवर बसा, फेटा बांधू, नारळ देऊ. मला नारळ! माझं वय काय, छाती काय! मी तिथल्या तिथं जाहीर केलं की आम्ही क्लब पासिंग करणार. अध्यक्ष म्हणाले, ते काय असतंय? मलाही नीट माहीत नव्हतं. तालमीतल्या ज्ञानूनं आदल्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. दोन माणसं समोरासमोर उभी. बाटलीच्या आकाराचे दांडके, त्यांनाच क्लब म्हणतात, प्रत्येकाकडे तीन. स्वतः उडवायचे, मधेच एक समोरच्याकडे टाकायचा, त्याचा आपण झेलायचा. एकही पडत नाही.

सोपं आहे. आम्ही जन्मभर दुसरं काय केलं?

५ नोव्हेंबर
टीम झाली. वस्ताद मी. ज्ञानू दूध संघाचा टँकर चालवतो, अंगानं दणकट, डोक्यानं बेताचा. मोहसीनचं गाद्या-सोफ्यांचं दुकान, हात चांगला. चौथा मिळेना. स्नेहल म्हणाली, मी येते की. बायको असली तरी तात्पुरतं घ्यायला हरकत नाही. माहेरी कुरुंदवाडला सागरगोटे खेळण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं, असं सांगत होती. मी म्हटलं, हे सागरगोटे नव्हेत.

पण एक गोष्ट मनात पक्की केलीय. कार्यक्रमात शेवटी बाकीचे बाजूला आणि मी नि स्नेहल समोरासमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघांनी मिळून केलेली गोष्ट म्हणजे मिक्सर निवडला, तीही भांडून. आता अख्ख्या पेठेनं बघायचं. तिला सांगितलेलं नाही. सरप्राईज.

८ नोव्हेंबर
प्लास्टिकचे हलके क्लब ऑनलाइन मिळतात. मोहसीन म्हणाला, मागवूया. मी म्हटलं, पोरांचं खेळणं आहे का? सुताराकडून बाभळीचे करून घेतले. तालमीतली करेल, म्हणजे जड मुद्गल, फिरवलेल्या हाताला वजन लागतं.

९ नोव्हेंबर
ज्ञानूच्या पायाचा अंगठा गेला. म्हणजे आहे, पण निळा. चप्पल घालून आला, चूक त्याची. मोहसीनचा खालचा ओठ फाटला. तोंड उघडं ठेवून खेळतात का? तालमीच्या हॉलच्या फरशीला टवका. माझ्या नडगीला टेंगूळ, पण त्याबद्दल मी कुणाला बोललो नाही. वस्तादानं सोसायचं असतं.

१० नोव्हेंबर, सकाळी ७
अंघोळीचं पाणी आज झकास तापलं होतं. नंतर कळलं, स्नेहलनं बाभळीचे सगळे क्लब बंबात घातले. मोहसीननं प्लास्टिकचे मागवलेत. मला विचारलं नाही. मीही तेच सुचवणार होतो.

१९ नोव्हेंबर
प्लास्टिकचे आले. पद्धत अशी: उजव्या हातात दोन, डाव्यात एक. हात वर, हात खाली, सुरू. चार फेकींतली एक समोर, तीन आपल्या आपण. उजव्या हातून समोरच्याच्या डाव्या हातात. आधी प्रत्येकानं एकट्यानं तीन क्लब फिरवायला शिकायचे असतात. ते तिघं शिकतायत. मी त्या भानगडीत पडलो नाही. मी एकदम मुद्द्याला हात घालणारा माणूस आहे.

२७ नोव्हेंबर
आज पहिला पास. मोहसीननं टाकला. सुरेख आला, एक गिरकी घेत, छातीच्या उंचीला. आणि मी तो हाणला.

यात माझी चूक नाही. अंगावर काही आलं की तोडायचं, एक पाऊल पुढं टाकायचं आणि जबाब द्यायचा, हे लहानपणापासून हाडात मुरलंय. हाणलेला क्लब ज्ञानूकडे गेला. त्यानंही हाणला, कारण तोही याच तालमीतला. तो मोहसीनकडे. त्यानं उडवला आणि पवित्रा घेतला. पुढचं नीट आठवत नाही. आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर होतो, क्लब मुठीत होते आणि रट्टे बसत होते. ट्यूबलाईट फुटली. ज्ञानूच्या बरगडीत मी एक असा दिला की तो खालीच बसला. तालमीच्या बाकावर रोज बसणारे म्हातारे वा, वा करत होते. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

स्नेहल कोपऱ्यात तीन क्लब उडवत होती. एकही पडला नाही. ती म्हणाली, झेलायचं असतंय, मारायचं नसतंय. मी तिला सांगितलं, तुला यातलं कळत नाही.

४ डिसेंबर
संकल्प: १) हाणायचं नाही. २) पुढं सरकायचं नाही. ३) मोहसीनवर ओरडायचं नाही.

सायंकाळी ७: पहिला संकल्प मोडला. मोहसीनच्या कानशिलावर. तिसरा त्यामुळे मोडला.

१० डिसेंबर
काहीतरी गडबड आहे. ज्ञानू आणि मोहसीनला जमायला लागलंय. दोघं आता पाय रोवून उभे राहतात. स्नेहलनं त्यांना सांगितलं म्हणे, डोळ्यात बघू नका, क्लब वर कुठवर येतोय तिथं बघा. आणि म्हणाली, आपल्याला टाकता आलं म्हंजे झालं न्हाय, समोरच्याला झेलता आलं पायजे. ज्ञानू मान हलवत होता. टँकरवाला!

आज ती मधे आणि हे दोघं समोर, आळीपाळीनं दोघांना पास देत होती. बाकावरचे म्हातारे गप्प बसून बघत होते. मी शिट्टी घेऊन देखरेख केली. शिट्टीचा त्रास होतो, असं तिघांनी सांगितलं.

१४ डिसेंबर
आज मी स्नेहलच्या समोर उभा राहिलो. पहिल्यांदाच. घाई केली असं मोहसीनचं मत.

माझा पहिला तिच्या गुडघ्याला लागला. दुसरा दंडाला. ती मोठ्यानं मोजत होती आणि हळू, वर टाका, वर टाका, म्हणत होती. सगळ्यांसमोर. मी अजून जोरात टाकला. ती थांबली आणि म्हणाली, तुमी माझ्याकडं टाकत न्हाईसा, माझ्यावर टाकताय.

मी रागावलो नव्हतो. जोर जरा जास्त लागला, एवढंच. दांड्याचं टोक भुवईवर बसलं. रक्त फार आलं. भुवईचं येतंच. ज्ञानूनं गमछा धरला, मोहसीननं गाडी काढली. मी क्लब गोळा केले. कुणीतरी करायला हवं होतं.

टाके पडले. डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं? ती म्हणाली, खेळताना. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी क्लब पासिंग म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. त्यानं त्यातलं काही लिहून घेतलं नाही.

तिनं ऐन वेळी पापणी लववली. नाहीतर झेलला असता.

१५ डिसेंबर
चहा मिळाला. बशीत बिस्किट नव्हतं.

२० डिसेंबर
स्नेहल पट्टी लावून प्रॅक्टिसला आली. मला वाटलं, हीच माझी बायको! ती सरळ मोहसीनसमोर जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, तुमच्यासमोर मी उभी राहणार न्हाय. बस्स. भांडण नाही, काही नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मी वस्तादपदाचा राजीनामा दिला. तिघं पास मोजत राहिले. पाच मिनिटांनी परत घेतला.

२१ डिसेंबर, दुपारी
ज्ञानूशी बोलाचाली. मी म्हटलं, तू माझ्या बायकोला फूस लावतोस. त्यानं क्लब खाली ठेवले, माझी कॉलर धरली आणि म्हणाला, विज्या, वैनीचा डोळा गेला असता म्हंजे? मी त्याच्या पोटात गुडघा घातला. त्यानं मला कुस्तीच्या हौद्यात फेकलं आणि वर येऊन बसला. लाल मातीत तोंड दाबलं, मग उताणा केला आणि ठोसा दिला. ठोसा तंत्रशुद्ध नव्हता, पण लागला. पुढचा दात हलतोय. मी त्याचा कान चावला. मोहसीननं आम्हा दोघांवर बादली ओतली आणि म्हणाला, दोघांची बी वयं बघा की रे, लाजा धरा.

वाद बरोबरीत सुटला.

२ जानेवारी
अखेर माझ्या अनुभवाची कदर झाली.

मोहसीननं एक नवा व्हिडिओ आणला. त्यात दोघं पासिंग करतात आणि त्यांच्या अगदी मधे तिसरा माणूस आडवा उभा असतो. एकाचे क्लब त्याच्या नाकासमोरून जातात, दुसऱ्याचे मानेमागून. पब्लिक खुळं होतं म्हणे. मधे कोण, असा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोहसीन म्हणाला, भावा, हितं काय बी करायचं न्हाय. हालायचं न्हाय, तेवढंच.

मी लगेच ओळखलं. हीच मध्यवर्ती भूमिका. आयटम माझ्याभोवती फिरणार, शब्दशः. मी विचार करतो म्हटलं आणि हो म्हटलं.

६ जानेवारी
नाकासमोर क्लब दिसला की हात आपोआप वर जातो. आज तीनदा वार तोडला. मनगट सुजलंय, कान लाल झालाय, मोहसीनची लय बिघडली. ज्ञानूनं माझे हात पंच्यानं मागे बांधले. मी विचारलं, माझ्या सुरक्षेसाठी? तो म्हणाला, न्हाय, आमच्या.

१८ जानेवारी
हात बांधल्यावर प्रगती वेगानं झाली. आज मी अजिबात हललो नाही. स्नेहल म्हणाली, आज बरं जमलं. मलाच म्हणाली. मोहसीन लांब होता.

२५ जानेवारी, सकाळी
आज कार्यक्रम. झोप उत्तम, म्हणजे लागली नाही. फेटा नको म्हटलं होतं, पण नाकाच्या वर काहीतरी भारदस्त दिसावं म्हणून घेतला.

२५ जानेवारी, कार्यक्रमानंतर
झालं. चौक भरला होता. निवेदकानं सगळ्यांची नावं घेतली. माझं शेवटी घेतलं, पण घेतलं. ज्ञानूनं हात बांधले. लोक हसले. मग मोहसीन एका बाजूला, स्नेहल एका बाजूला. हात वर, हात खाली, सुरू.

तिचे क्लब नाकासमोरून जायचे होते. वारा लागत होता. नजर जरा वळवली की तिचा चेहरा दिसायचा आणि भुवईवरची लाल रेघ. माझ्या मनात आलं, हिनं आता एक जरासा इकडं टाकला तर इथं कुणी काही म्हणणार नाही. मीसुद्धा म्हणणार नाही. मी घाबरलो होतो, फार घाबरलो होतो. इथं लिहितो, कारण हे कुणी वाचत नाही.

एकही लागला नाही. एकदाही नाही. शिट्ट्या, टाळ्या, अध्यक्ष उठून उभे. हात सोडले तेव्हा मला रडू येत होतं. घाम म्हणून पुसलं.

परत येताना स्नेहल गाडीवर मागे बसली होती. मी खूश होतो. आता सरप्राईज सांगायला हरकत नव्हती. म्हटलं, आपण दोघांनी मिळून केलं की नाही शेवटी? पुढच्या वर्षी उलट करू. मोहसीनसमोर मी पास करतो आणि मधे तू उभी राहा. मी जपून टाकीन.

चौक गेला, पेट्रोल पंप गेला. मला वाटलं, गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितलं.

ती म्हणाली, मगाशीच ऐकलं हुतं. तुमी टाकणार असशीला, तर मी न्हाय उभी राहणार.

रागानं नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हणाली.

घरापर्यंत गाडी हळू चालवली.