तिरप्या रेघेत अडकलेली यादी

अकोट, रविवार

आदरणीय सोयरे चंद्रभानजी यांना किसनरावाचा मनापासून जय भीम. विहीणबाईंनाही सांगावा. आपला गुडघा आता जिना चढू देतो, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? आमची प्रियदर्शनी आपल्याकडे आल्यापासून पोळ्या पातळ लाटायला लागली असं ऐकतो. इथं असताना तिची पोळी दोन हातांनी मोडावी लागे, तेव्हा हे श्रेय आपल्या घराचं. आम्ही दोघं बरे आहोत. सुंदराबाईचा आवाज तर अधिकच बरा आहे.

पत्र लिहायचं कारण म्हणजे परवा आमच्या ज्येष्ठ मंडळात जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मले चैन पडून नाही राहिलं. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यावर मंडळानं मला सचिव केलं (माझा आवाज माइकशिवाय स्टँडभर जातो, एवढीच पात्रता). मंडळानं मोतीबिंदूचं शिबिर घेतलं. डॉक्टरांनी आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं तपासली आणि ज्यांचं ऑपरेशन करायचं त्यांची माहिती, म्हणजे साखर, बीपी, कोणता डोळा, हे सारं करिश्मानं कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामात भरलं. करिश्मा आमची नवीन ऑपरेटर. पोरगी हुशार, पण कोणी मोठ्यानं बोललं की तिच्या डोळ्यांत पाणी येते, आणि माझा आवाज मी वर सांगितलाच. आपल्या अमरावतीच्या दवाखान्याला ही माहिती एक्सेलच्या फाइलमध्येच पाहिजे होती. संध्याकाळपर्यंत आली नाही तर आमच्या खाटा दुसऱ्या गावाला देऊ, असं त्यांनी अगदी गोड आवाजात कळवलं. मी म्हटलं, हातानं लिहून पाठवतो. ते म्हणाले, काका, मागं एकदा हातानं लिहिलेल्या यादीत डाव्याचं उजवं वाचलं गेलं होतं. (वेळेवर ध्यानात आलं म्हणून बरं.)

करिश्मानं फाइल काढायचं बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली की पाथ सापडत नाही. म्हणजे फाइल ज्या फोल्डरात ठेवायची तिथपर्यंतची वाटच नाही. पण फोल्डर तर समोर होतं! मी म्हटलं, पुन्हा दाब. पुन्हा तेच. मी म्हटलं, नवीन फोल्डर कर. केलं, पण पाटी काही हलेना. मी कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला, मग खुर्ची बदलायला लावली (याचं कारण विचारू नका). शेवटी ती पोरगी आमच्या यादीतली नावं एकेक करून हातानं टाइप करायला बसली, तेव्हा मी पुण्याला, ज्यानं हा प्रोग्राम करून दिला त्या इंजिनियरला फोन लावला. त्यानं विचारलं, पाथ काय दाखवतोय? मले वाटलं, हा बिचारा स्वतः यायले निघाला आणि वाट विचारून राहिला. मी सांगितलं, अकोल्यापर्यंत रेल्वेनं या, पुढं बस भेटते, फक्त आमच्या गल्लीत नाली खोदली आहे, तिथं जपून. त्यानं सारं ऐकून घेतलं. मोठा सभ्य मुलगा. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, की काका, फोन जरा मॅडमकडे देता का?

या गडबडीत पार्बताबाई दारातल्या बाकावर येऊन बसली होती. ती बार्शीटाकळीकडची, झेंडू लावते, अकोल्याच्या बाजारात विकते, सध्या अकोटात लेकीकडं असते. नाव अमरावतीले गेलं का, एवढं विचारायला ती आली होती. मी तिच्यावरच वसकलो, की आजी, इथं मशीन बिघडली, तुमी काहून घाई करता? ती काही रागावली नाही.

"घाई नाही बाबू," ती म्हणाली. "लेकीले पोरगी झाली, तिचं तोंड म्या अजून धड पाह्यलं नाही. रडली का वळखतो. हासली तं मले समजत नाही."

चंद्रभानजी, त्यानंतर माझा आवाज आपोआप खाली आला. आणि गंमत पाहा, मी गप्प बसलो तशी करिश्मा शांतपणे वाचायला लागली. फोनवर इंजिनियरला ती पडद्यावरचं अक्षर न् अक्षर सांगत होती: शिबिर, यादी, मग बारा, तिरपी रेघ, अकरा, तिरपी रेघ... आणि थांबली.

"काका," ती म्हणाली, "हा बारा नावाचं फोल्डर शोधून राहिला."

झालं होतं असं, की प्रोग्राम फाइलच्या नावात आपोआप तारीख घालतो, आणि तारखेतली तिरपी रेघ म्हणजे कॉम्प्युटरला नवीन फोल्डरचं दार वाटते. पहिले तारखेत आडव्या रेघा होत्या, वर्ष पुढं होतं. चार दिवसांपूर्वी एका शहाण्यानं करिश्माला बजावलं की तारीख अशी उलटी काय लिहिता, नीट तिरप्या रेघा देऊन मराठी माणसासारखी लिहा. तो शहाणा कोण, हे तिनं इंजिनियरला सांगितलं नाही. "सेटिंग बदललं होतं" एवढंच म्हणाली. तिनं रेघा आडव्या केल्या, बटण दाबलं आणि फाइल गेली. दवाखान्याचा होकार आला तेव्हा पार्बताबाईनं पदरातली दोन झेंडूची फुलं काढली, एक करिश्माला दिलं आणि एक कॉम्प्युटरवर ठेवलं. मले काही नाही. बरोबरच आहे.

विहीणबाईंना नमस्कार, नातवाला पापा.

आपला,
किसनराव

ता.क. पत्र जुन्या ओळखीच्या ड्रायव्हरजवळ देतो. तो आपल्याच हातात देईल. फोनवर बोललो तर प्रियदर्शनी बाजूला उभी राहून ऐकते, म्हणून हा खटाटोप.

ता.क. दुसरा. मंगळवारी सगळ्यांना घेऊन मी अमरावतीला येतो. त्यात डावा डोळा माझाही आहे. लोकांना मी सांगत फिरलो की काही दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. पण मले भेव लागते. आपण दवाखान्यात येऊन माझ्याजवळ बसाल का? बोलायचं काही काम नाही, नुसतं बसायचं. प्रियदर्शनीला इतक्यात कळू देऊ नये.

ता.क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी सुंदराबाईनं पत्र वाचलं. म्हणते, सोयऱ्यायले कायले तरास देता, मीच येतो संगं. चंद्रभानजी, ती सुई पाहिली तरी चक्कर येऊन पडते. तरी आपण याच. माझ्याजवळ ती बसेल, तिच्याजवळ आपण बसा.