तळ्याच्या वळणावरचे टायर

इनारी, १६ मार्च १९९६

प्रिय ताइस्तोदादा,

तुझं पाकीट मिळालं. आईचा खोकला कमी झालाय, माशाचं सूप पोटभर पिते. चार दिवस ऊन आहे. दुपारी रस्त्यावर पाणी, सकाळी त्याचीच काच.

पाकिटातला कागद सहीविनाच परत पाठवतेय. ‘बस वेगात होती’ या वाक्याखाली मी सही करणार नाही. त्या सोमवारी मुलांना शाळेत नेताना काटा चाळीसवर होता. तळ्याच्या वळणावर ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण बस घसरतच राहिली. मागे नऊ मुलं किंचाळत होती. ब्रेक सोडून मी बस कडेच्या बर्फाच्या ढिगात घातली, म्हणून तळ्यात गेली नाही.

तुझ्या बसचे टायर बदल म्हणून फेब्रुवारीत तुला फोन केला होता, आठवतं? “हेल्वे, टायरला खाचा दिसतायत ना? मग झालं! बाबांच्या गाडीत बसायलाही तू घाबरायचीस,” म्हणालास. अरे, नुसत्या दिसून काय उपयोग? खोल खाच चिखलबर्फ बाहेर फेकते. रबरावरच्या बारीक चिरा वळताना उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. आपल्या टायरवरच्या चिरा पार पुसल्या होत्या, रबर लाकडासारखं कडक झालं होतं. ओल्या बर्फावर ते धरणार कशाला?

आता जे आठवडाभर लिहायचं टाळलं, ते लिहिते. त्या सोमवारी सकाळी मी खाचा मोजल्या. जेमतेम तीन मिलिमीटर, ओल्या बर्फाला अगदीच अपुऱ्या. मला कळलं होतं, दादा. तरी किल्ली फिरवली. पुन्हा घाबरट म्हणवून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

तुझी विएनो पहिल्या बाकावर होती. तिचे पुढचे दोन दात गेले. आजीकडे सुखरूप राहील म्हणून तू ठेवलेली पोर! दवाखान्यात तिनं विचारलं, “आत्या, तुला माहीत होतं?”

मी हो म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

उद्या पोलिसांत जबाब देणार आहे. तुझा फोन सांगेन, माझं मोजणंही सांगेन. मुलांच्या घरी जाऊन आलेय. नवे टायर बसेपर्यंत एकही मूल त्या बसमध्ये चढणार नाही. कामावरून काढायचं तर खुशाल काढ. दुसरा ड्रायव्हर आणलास, तर त्यालाही मी चाकाशी नेऊन दाखवीन.

लेकीला भेटायला ये. माझ्याशी भांडायचं असेल तरी ये.

तुझी बहीण, आणि त्या दिवशी बस चालवणारी,
हेल्वी