वही मिटून ऐकलेलं

ता. ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार खरोखरच साष्टांग आहे.

इकडे सगळे बरे. गुडघा कुरकुरतो, तुझ्या भाच्याला नोकरी लागली, कादंबरीची तिसरी आवृत्ती निघाली. परवा सत्कारात एकजण म्हणाला, "पूर्वी हे बातम्या लिहायचे, आता काळीज लिहितात." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तुझं पत्र मिळालं. "चिमणीनं पुस्तक वाचलं. माझ्याशी बोलत नाही." बस्स, एवढंच. स्वतःच्या लेकीनं तोंड फिरवलं, तरी मला एक शिवी घालवली नाही तुला!

वीस वर्षं वार्ताहर होतो. कुणी "हे छापू नका" म्हटलं की मी वही मिटायचो, पेनाला टोपण लावायचो. संपादक डोक्यावर बसले तरी ते छापलं नाही. नोकरी सोडून कादंबरी लिहायला घेतली, आपल्या अप्पांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल विचारायला तुझ्याकडे आलो, तेव्हाही मी वही मिटली. मग तू बोललीस. शेवटच्या दुपारी अप्पांनी दोनदा हाक मारली आणि तू ऐकूनही ओट्याशी बसून राहिलीस. चार महिन्यांच्या जागरणानं पाय उठेनात. उठलीस तोवर ते गेले होते. "कुणाला बोलू नकोस रे," म्हणालीस.

घरी येऊन मी शब्दन् शब्द उतरवला. ही काय बातमी थोडीच, अशी स्वतःची समजूत घातली. नावं बदलली, घर बदललं. ओट्याशी बसलेली बाई मात्र तशीच ठेवली, आणि चिमणीनं तुला तिथंच ओळखलं.

कादंबरीतला भाऊ धावत येतो, बापाचा हात धरून रडतो. वाचकही त्याच पानावर रडतात म्हणे.

ताई, अप्पा गेले त्या दिवशी सकाळी तू कचेरीत फोन केलास, तेव्हा मी टेबलाशीच होतो. फोनवरच्या बाईंना खुणेनं सांगितलं, जागेवर नाही म्हणा. पहिल्या पानाची बातमी हातात होती. त्यांनी तुझा निरोप लिहून आणून दिला: "आज तरी ये, मला तासभर झोपू दे." तो वाचून मी खिशात घातला. तुला मात्र सांगितलं, निरोप मिळालाच नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी. शरम वाटते गं. आणि हे लिहितानाही वाक्य बरं जमलं का ते बघतोय, त्याची तर जास्तच.

चिमणीला वेगळं पत्र लिहायला बसलो होतो. तीन मसुदे झाले, तिन्हींत मी बरा माणूस निघालो. म्हणून हेच तिला वाचायला दे. अबोला धरायचाच तर माझ्याशी धर म्हणावं. तू थकली होतीस. मी थकलोही नव्हतो.

त्या दुपारी न आलेला,
तुझा धाकटा भाऊ