बोटीपर्यंत

३ मार्च १९६७, शुक्रवार

पुष्पलताचं नक्की झालं! सिलोनला जाणार. कोलंबोजवळ बौद्ध मुलींचं विद्यालय आहे, तिथे दोन वर्षं पाली शिकणार. राहणं-जेवण त्यांचंच. आमच्या भागातून एकच बाई घेतली, ती माझी नणंद.

यांनी पत्र तीनदा मोठ्याने वाचलं. सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "एकटी जाईन? समुद्रापार?" हे म्हणाले, "हौ, एकटी. मास्तरीण आहे ते, लेकरू नाही."

मग माझ्याकडे बघून, मी काही न विचारताच— "तुहं कसं जमलं असतं? कमला आहे ना."

कमला चार वर्षांची आहे. माझी मुलगी आहे, पायातली बेडी नाही. भाकरी थापली. करपली.

५ मार्च

पुष्पलता अन् मी एकाच बाकावर बसत होतो. वर्गात पहिली मी. ती मॅट्रिकला गणितात नापास झाली, तेव्हा दोन महिने रोज तिच्या घरी जाऊन शिकवलं कोणी? मी! त्याच फेऱ्यांत सासूबाईंनी मला पाहिलं अन् सून करून घेतलं. ती पास झाली, मास्तरीण झाली. मी तिची वहिनी झाले.

शेजारच्या मैनाबाई विचारत होत्या, "लंकेले चालली म्हणते? रावणाच्या गावाले?" सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत जोरात हसले.

१४ मार्च

पासपोर्ट आला. सगळ्यांच्या हातून फिरला, माझ्याकडे शेवटी. आत पानंच पानं, सगळी कोरी. फोटोत पुष्पलता घाबरल्यासारखी दिसते. मी असते तर नीट बसले असते.

१८ मार्च

तिच्या पोलक्यांना बटणं लावली. एक मुद्दाम ढिलं लावलं. मग उसवून परत घट्ट लावलं. काय बाई झालंय मला!

२१ मार्च, मंगळवार

आज वाईट वागले. लिहूनच टाकते.

पुष्पलता नकाशा घेऊन बसली होती. गोंदियापर्यंत छोट्या लाइनची गाडी, मग नागपूर. तिथवर हे सोडणार. पुढे मद्रास, रामेश्वर, अन् रामेश्वरहून बोट. समुद्रातल्या त्या रेषेवरून ती बोट फिरवत होती, गाल लाल झालेले. म्हणाली, "वहिनी, समुद्र कसा असन व?"

मी म्हटलं, "धनुष्कोडीचं विसरली काय? तीन वर्षं नाही झाली. वादळात अख्खी रेलगाडी समुद्रानं गिळली. एक माणूस वाचला नाही. तिथूनच तर बोट निघते."

तिथून निघत नाही. तेव्हापासून रामेश्वरहून निघते, अन् चांगली चालते. मी वर्तमानपत्रात वाचलेलं. तिला सांगितलं नाही. उलट आणखी दोन-तीन गोष्टी जोडल्या— प्रेतं, लाटा, अंधार. तिने नकाशाची घडी केली.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं मला.

२४ मार्च

पुष्पलता म्हणते, जात नाही!

हे ओरडले, "काहून? काय झालं?" ती म्हणे, "काही नाही. मन नाही लागून राह्यलं." दोन दिवस नीट जेवली नाही. सासूबाईंचा चेहरा मात्र खुलला. संध्याकाळीच त्यांनी उकव्याच्या खाणीतल्या कारकुनाचा विषय काढला. प्रेमलाल नाव. पहिली बायको वारली, दोन मुलं. म्हणे, "आता तं ती इथंच आहे. मंग पाहून टाकू."

पुष्पलता उठून भांडी घासायला गेली.

२६ मार्च, रविवार

प्रेमलालचे भाऊ येऊन पाहून गेले. पुष्पलताने पोह्यांचं ताट ठेवलं अन् मान खाली घालून उभी राहिली. मी त्या जागी सहा वर्षांपूर्वी उभी होते. तेव्हा दाराआडून ती मला हसवत होती.

मला हसवता आलं नाही.

२७ मार्च

सांगून टाकलं. विहिरीवर, दोघीच होतो. म्हटलं, "बोट धनुष्कोडीहून निघत नाही. मले मालूम होतं. तुले भेवाडाचं म्हणून सांगतलं."

ती बघतच राहिली. "काहून पण?"

"तू चालली अन् मी राह्यली म्हणून."

बादली तशीच टाकून गेली. तासाभराने परत आली. डोळे सुजलेले. वहिनी नाही, शाळेतल्यासारखं नावानं हाक मारून म्हणाली, "माह्यातली भीती आता जात नाही, अनु. तूच घातली, आता तूच चल. बोटीपर्यंत. नाही तं त्या कारकुनाले मी हौ म्हणतो म्हणून सांगून दे."

२८ मार्च

हे म्हणाले, "दोघी बाया! अन् येतानी तू एकटी? मद्रासहून? डोकं फिरलं काय?" यांना रजा नाही, जंगल खात्याच्या कचेरीत मार्च-एप्रिल कामाचा. आठवडाभराची तर मुळीच नाही.

बोलल्या त्या सासूबाई! मला तर वाटलं होतं आडव्या येतील.

"छप्पन साली सगळी वस्ती नागपूरले गेली दीक्षेले. तुहा बाप गेला, दीर गेले. मी बाळंतीण होती. म्हने, तू घरी राय. ते बाळही नाही राह्यलं. आल्यावर तुहा बाप सांगत होता किती गर्दी, किती पांढरे लुगडे... अन् मी जळत होती. आजही जळते. तो मेला तरी जळते." मग कमलाला मांडीवर ओढून— "जा व पोरी. हिले मी पाहतो. त्या उकवावाल्याले मी सांगतो, पोरगी नाही देत."

हे उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा विचारलं, "पेटी कोणती नेता?"

६ एप्रिल

उद्या निघायचं. कमला विचारते, "समुद्र आणशीन?"

तरीसुद्धा मनात येतंच— बोटीत ती चढणार, मी नाही.

११ एप्रिल, मंगळवार. रामेश्वर

बोट गेली. चढताना पुष्पलताने मागे वळून पाहिलं नाही, अन् मला वाईट वाटलं नाही. मी धक्क्यावर उभी राहून समुद्र पाहिला, पोटभर. मग तारघर शोधलं. यांनी बजावलं होतं, मद्रासला स्टेशन सोडू नको, सरळ नागपूरची गाडी धर. मी तार केली : दोन दिवस उशिरा येते. मद्रास पाहते.

तारबाबूने मोडक्या हिंदीत विचारलं, कोण आजारी आहे काय? म्हटलं, नाही. कोणी आजारी नाही.