गोगलगायीचं औषध

३ फेब्रुवारी
आज आईने उशी दातात धरली – ओरडू नये म्हणून! कॅन्सर हाडांत पसरलाय. मॉर्फिन म्हणजे आता नुसतं पाणी.

५ फेब्रुवारी
डॉक्टरबाई म्हणाल्या, एक शेवटचं औषध आहे. समुद्रातल्या शिकारी गोगलगायीच्या विषाची नक्कल, कारखान्यात केलेली. पोटाच्या कातडीखाली छोटा पंप, तिथून नळी थेट पाठीच्या कण्यात. "आजार हटणार नाही. दुखणं हटेल. कदाचित."
मत्स्यालयात अकरा वर्षं मीच तर त्या गोगलगायींना मासे घालते! सुंदर नक्षीचा शंख, वाळूतून हळूच सोंड निघते, सुईसारखा दात – संपलं. मासा तडफडतसुद्धा नाही.
आईला सांगितलं. तेवढ्या दुखण्यातही हसली. "गोगलगाय अन् पोटात पाय ऐकलं होतं. आता पोटात पंप!"

९ फेब्रुवारी
पंप बसवला. फरक शून्य.

१४ फेब्रुवारी
डोस वाढवला. तरी कण्हणं तेच. धाकटा भाऊ चिडला, "ताई, उगाच छळ मांडलायस तिचा." कामावर गोगलगायींच्या टाकीसमोर उभी राहिले. मेल्या ढिम्म वाळूत पडून!

२० फेब्रुवारी
दुखत नाही!! स्वतःहून उठून बसली. माझ्याकडून वेणी घालून घेतली. "कुणीतरी खिळा उपटून काढला गं."

२३ फेब्रुवारी
मला 'आक्का' म्हणाली. आक्का तिची थोरली बहीण – जाऊन तीस वर्षं झाली. मी ओ दिली.

२६ फेब्रुवारी
आता आक्काही नाही. "बाई, घरी वाट बघत असतील, निघा की." भाऊ जिन्यात जाऊन रडला.
डॉक्टरबाई म्हणतात, हे औषधानेच होतंय. थांबवलं तर काही दिवसांत ओळखू लागेल. पण दुखणंही परत येईल, पहिल्याइतकंच. दिवस किती उरलेत? "महिना. फार तर दीड." ठरवायचं आम्ही.

२७ फेब्रुवारी
भाऊ म्हणतो, "थांबवू या ताई. एकदा तरी नावाने हाक मारू दे."
मलाही तेच हवंय. दुसरं काही नकोच. दिवसभर तिच्याकडे बघत बसले. शांत झोपली होती, तोंड किंचित उघडं. कपाळावर एक आठी नाही.

२८ फेब्रुवारी
औषध चालू ठेवा म्हणून सही करून आले. आईने विचारलं, "कोण हो तुम्ही?"
म्हटलं, "पंप बघायला येते."
"बरं. येत जा."