दमला तो बसला

कोल्हापूर,
फेब्रुवारी २००४

प्रिय हंबीरराव भावजी,
शालनचा सप्रेम जयभीम.

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळला. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नव्हती. दर रविवारी हुपरीहून येऊन तुम्हीच दारात उभे असायचात. आता फोन केला की तुमच्या झुंबरबाई सांगतात, रानात गेलेत. सकाळी रानात, दुपारी रानात, एवढं काय पेरलंय ओ रानात? शेवटी काल त्यांनीच खरं सांगितलं. तुम्ही घरातच असता, गोठ्याकडं तोंड करून बसता, भाकरी अर्धी टाकून उठता आणि एकच म्हणता, "मी मास्तरला टाकून गेलो."

मी बरी आहे. स्वयंपाक करते, दळण आणते, बातम्या लागल्या की बघते. रडू म्हणून येत नाही. ह्यांच्या पुण्यानुमोदनाला विहारात एवढी माणसं आली, भन्तेजी बोलले, आमच्या धम्मपालला बोलता बोलता हुंदका आला. ज्याला बापाच्या नावानं गाव रडताना दिसलं तो पोरगा रडणारच. आणि मी मात्र बसल्या बसल्या सतरंज्या कुणाकुणाच्या परत द्यायच्यात ह्याचा विचार करत होते. तुम्ही रस्त्यापलीकडं पानपट्टीपाशी उभे होता. मी पाहिलं. आत काही आला नाहीत. परवा ह्यांचे कापडी बूट धुवायला काढले, घासघास घासले, खिडकीत वाळत ठेवले, मग ध्यानात आलं की ते मागच्या आठवड्यातच धुतलेत.

येणारा-जाणारा ह्यांच्या गोष्टी सांगतो. शाहूवाडीकडच्या शाळेत साहेब तपासणीला आले तर वर्गात नुसती दप्तरं, आणि गुरुजी पोरांना घेऊन ओढ्यात उभे. साहेब आधी ओरडले आणि मग स्वतःच विजार वर करून पाण्यात उतरले. ही गोष्ट मी आता इतक्यांदा ऐकली की मलाच सांगावीशी वाटते. पण तुम्हाला काय सांगायची? मुक्कामाची एसटी घेऊन तुम्ही त्याच गावात यायचात, ह्यांच्या खोलीवर जेवायचात, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. जे घरात घडलं ते कुणी सांगत नाही. सापाची कात डब्यात घालून आणायचे आणि तोच डबा मी दुसऱ्या दिवशी भाजीसाठी उघडायची. शहाण्णव साली रिटायर झाले आणि आठवड्यात भिंती खायला उठल्या. तुम्हीपण रिटायर होऊन आलात तेव्हा कुठं घरात शांतता झाली. मग काय, आज जोतिबा, पुढच्या रविवारी मसाई पठार.

लग्न झाल्यावर एकदा मलाही नेलं होतं. मी दमले. ह्यांनी काय करावं? करवंदीच्या जाळीपाशी मला बसवलं आणि आपण गेले की पुढं! नवी नवरी रानात एकटी, आणि नवरा डोंगराच्या टोकाला. येताना ओंजळभर करवंदं आणली, जणू काही झालंच नाही. दमला तो बसला, बाकीच्यांनी पुढं जायचं, येताना घ्यायचं, हा त्यांचा शाळेतला नियम. दमलेल्या पोराला ओढायचं नाही, त्याला लाजवायचं नाही, आणि त्याच्यापायी दुसऱ्यांना थांबवायचंही नाही. पोरांनी तो पाळला, तुम्ही पाळला. मी तेवढी परत कधी गेले नाही.

त्या रविवारचं तुम्ही धम्मपालला सांगितलंत, त्यानं मला. पठाराच्या अलीकडं हे दगडाला टेकून बसले, पाणी प्याले आणि तुम्हाला पुढं जा म्हणाले. तुम्ही थांबतो म्हणालात तर रागावले, वर्गात रागावायचे तसे. तुम्ही गेलात. परत आलात तेव्हा टोपी मांडीवर होती आणि सगळं संपलं होतं. गाडीपर्यंत तुम्ही त्यांना पाठीवरून खाली आणलंत. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला तुमचा फार राग आला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, असा कसला दोस्त, दमलेल्या माणसाला रानात सोडतो. मी नुसती ऐकून घ्यायची.

गेल्या आठवड्यात मी बीपी तपासायला डॉक्टरांकडं गेले. हेही त्यांच्याकडंच जायचे, गुडघ्यासाठी. मला तरी तसंच माहीत होतं. गुडघा सोडला तर ह्यांना काही नव्हतं, असं मी बोलले तर डॉक्टर चमकले. म्हणाले, "मी त्यांना दिवाळीतच चढ बंद केला होता. हृदय फार अशक्त झालंय म्हणून सांगितलं होतं. घरी बोलले नाहीत?" भावजी, दिवाळीपासून मी रोज त्यांच्या गुडघ्याला मलम चोळत होते. आणि हे पाय पुढं करून खुशाल चोळून घेत होते. तुम्हालाही गुडघाच सांगितला असणार, नाहीतर तुम्ही पन्हाळ्याच्या पुढं पाऊल टाकू दिलं नसतंत. तेव्हा तुम्ही त्यांना टाकून गेला नाहीत. त्यांनी तुम्हाला पाठवलं. आपला नियम पुढं करून पाठवलं. त्या दिवशी सकाळी मला काय म्हणाले, तर हंबीररावाला दोन भाकरी जास्त घाल. बस, एवढंच. मला फार राग आलाय त्यांचा. पण जो येतो तो त्यांचं मोठेपण सांगतो, धम्मपालसमोर शब्द काढायची सोय नाही, आणि फोटोशी भांडायला मला येत नाही. फसवलं त्यांनी दोघांनाच, तुम्हाला आणि मला. म्हणून तुम्ही या. घरात येऊन समोर बसा. आपण दोघं मिळून त्यांना चांगलं फैलावर घेऊ. एकटीला मला ते जमत नाही.

तुमचीच वहिनी,
शालन